कागदी कर्णा

आबा माणसाला आधी झाडाखाली बसवायचे आणि मग नाव विचारायचे. बसवायचे तेही पाठमोरं. आम्ही त्यांच्या घरात भाड्याने राहायला आलो त्या दिवशी मी दारात उभी, हातात गाठोडं, पोटात कमू सहा महिन्यांची, आणि हा उंच वाळलेला म्हातारा घरमालक मला म्हणतो, "बेटा, गाठोडं ठेव. त्या पेरूखाले बठ. भितकडे तोंड कर. आते सांग, काय आयकू येस?"

मी बसले. नको कसं म्हणणार. पाठीमागून एक बाई गायला लागली. इतकी जवळून की मला वाटलं आबांच्याच घरातली कोणी असेल. परक्या घरातली बाई एवढ्या मोठ्याने गाते आहे, ते आपल्याला ऐकू आलं असं सांगावं की सांगू नये तेच मला कळेना, म्हणून मी म्हटलं, काही नाही.

"काहीच नही?"

"काहीच नाही."

आबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि अगदी उतरल्या तोंडाने म्हणाले, "पेरूलगून पोचत नही म्हनजे."

त्यांचा फोनो होता तो, चावी देऊन तबकडी फिरवायचा, मी तोवर पाहिलाच नव्हता. माझ्या त्या एका भित्रेपणापायी एक चांगला पत्र्याचा कर्णा बाद झाला हे मला फार पुढे कळलं. सासूबाई दारातून सगळं बघत होत्या. आत आल्यावर हळूच म्हणाल्या, "मालक येडा शे. पन घर हवेशीर शे."

आबा जाऊन आता वर्ष होईल. धाकटा मांडीवर झोपलाय तोवर मी हे लिहून घेते, तो उठला की राहून जाईल. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, तेव्हा मागचं पुढे आणि पुढचं मागे होईल. पण गावात आबांचं नाव निघालं की सगळे वेडेपणाच्याच गोष्टी सांगतात आणि हसतात. त्या गोष्टी खोट्या नाहीत, पण तेवढेच आबा नव्हते.

नंदुरबारात स्टेशनाकडे जाताना त्यांचं घर. पुढच्या दोन खोल्यांत आम्ही, हे, मी आणि सासूबाई. हे कापसाच्या जिनात काट्यावर कामाला. मागच्या खोलीत आबा एकटे आणि त्यांच्यामागे बाग. बाग म्हणजे पेरू, डाळिंब, दोन लिंबं, एक मोठा निंब, मोगऱ्याची रांग आणि विहीर. प्रत्येक झाडाखाली एक चुन्याने रंगवलेला दगड. नवीन माणसाला वाटायचं देव आहे, लोक पाया पडायचे. ते दगड बसायचे होते. आबांना एकच ध्यास होता, फोनोला असा कर्णा मिळाला पाहिजे की बागेतल्या कुठल्याही दगडावर बसलं तरी गाण्याचा शब्द न् शब्द ऐकू आला पाहिजे. घरात कोणीही ऐकतं, भिंती मदत करतात, असं ते म्हणायचे. बागेत आवाजाला कोणी नाही. बागेत जो पोचवील तो खरा कर्णा.

म्हणून कर्णे यायचे आणि जायचे. एक पत्र्याचा, हिरवा रंग दिलेला, घंटेच्या फुलासारखा. एक सागाचा, सुताराकडून करून घेतलेला, तो इतका जड की फोनोच एका बाजूला कलायचा. एक वाळलेल्या भोपळ्याचा, त्यातून सगळे गवई पडसं झाल्यासारखे गायचे. आणि एक पितळी, तो एका सुरतेच्या बोहऱ्याने दारावर आणला. बोहरा तो पितळी कर्णा उन्हात धरून फिरवत होता, "बाबूजी, जुओ तो खरा, सोना जेवो छे!" आणि आबा त्याच्याकडे पाठ करून पेरूखाली बसलेले. "दखाडू नको भो, आयकू दे." बोहऱ्याला कळेचना की हा माणूस घेणारा आहे की हाकलणारा.

लढाईच्या दिवसांत फोनोच्या सुया मिळेनाशा झाल्या, तर आबांनी बाभळीचे काटे वापरायला सुरुवात केली. सकाळी हातात आकडी घेऊन निघायचे आणि ओंजळभर काटे आणायचे, त्यातले चांगले निवडायचे, तांदूळ निवडतात तसे. मलाही बसवायचे निवडायला. काट्याने आवाज मऊ येतो म्हणायचे, सुई भांडते, काटा समजूत घालतो.

आयतवारी ते लोकांना ऐकायला बोलवायचे. पोस्टातले दोघे, शाळेतले मास्तर, किराणावाले वाणी, कचेरीतले एक कारकून, असे पंधरा-सोळा. चहा मिळायचा पण पाठ करून बसावं लागायचं. ते कचेरीतले कारकून पहिल्यांदा आले तेव्हा नवा कोट घालून आले होते, आणि आबा त्यांना म्हणाले, "रावसाहेब, डाळिंबाखाले बठा नि तोंड तिकडे करा." ते म्हणाले, "अहो, मला भिंतीकडे तोंड करून शाळेत बसवत होते!" सगळे हसले, आबा नाही हसले. तबकडी संपली की प्रत्येकाला जाऊन विचारायचे, शेवटचा शब्द काय होता. लोक काहीही ठोकून द्यायचे. आणि कुठला कर्णा चांगला म्हटलं की सोळाच्या सोळा माणसं म्हणायची, पितळी. आबा मला म्हणाले, "येतांना देखी लेतस ना. डोयांघाई आयकतस भडवे." डोळ्यांनी ऐकतात. शिवी दिल्यावर जीभ चावली त्यांनी, मी सुनेसारखी होते त्यांना.

आबा आधी स्टेशनावर तारबाबू होते. तीस वर्षं तारेची टकटक ऐकायची आणि कागदावर उतरवायची. जेवतानासुद्धा त्यांची बोटं ताटाच्या काठावर टकटक करायची, आणि त्यांना विचारलं काय म्हणताय आबा, तर म्हणायचे, "भाजी खारट शे म्हनी ऱ्हायनू. कोनले सांगू नको." गावात जुन्या बायका त्यांना बघितलं की तेव्हाही पदर तोंडाला लावायच्या. कारण तारा वाटायला शिपाई होता, पण कोणाच्या मरणाची तार असली तर आबा स्वतः जायचे. शिपाई रस्त्यातूनच ओरडून सांगतो, तसं बरं नाही, म्हणून. पण त्यामुळे झालं असं की आबा ज्या गल्लीत शिरतील त्या गल्लीतल्या बायका आधीच रडायला लागायच्या. ते नुसते दूध आणायला निघाले तरी. मला एकदा म्हणाले, "तीस वरीस लोके माले देखीसन रडनात, बेटा. एक बी मानूस माले देखीसन हासना नही." म्हणून पेन्शन झाल्यावर फोनो घेतला. लोकांनी यावं, बसावं, काहीतरी गोड ऐकून जावं. आता आलेल्या माणसाला भिंतीकडे तोंड करून बसवलं तर तो हसणार कसा, हे त्यांना कधी सुचलं नाही.

कागदी कर्णा माझ्यामुळे झाला. आमच्याकडे रनाळ्याला, माझ्या माहेरी, बाया कागदाच्या लगद्याची टोपली करतात. रद्दी चार दिवस भिजत घालायची, उखळात कांडायची, त्यात भिजवलेल्या मेथ्या वाटून घालायच्या म्हणजे कीड लागत नाही, आणि चिंचोक्याची खळ. घागरीवर थापून सावलीत वाळवलं की टोपली निघते, हलकी आणि कडक. मी अशी एक टोपली सुपाऱ्या ठेवायला केली होती. आबांनी ती उचलली, बोटाने टिचकी मारली, कानाला लावली, आणि जे उठले ते बुरुडाकडे जाऊन बांबूचा एक मोठा नरसाळ्यासारखा साचाच घेऊन आले. लहान मूल आत बसेल एवढं त्याचं तोंड. म्हणाले, "ह्यावर थाप."

एवढी रद्दी कुठली? तर आबांनी पेटी उघडली. त्यांच्या जुन्या तारेच्या वह्या, घरी उतरवून ठेवलेल्या, पिवळ्या झालेल्या. मी म्हटलं, आबा ह्या कशाला. ते म्हणाले, "कांड. बारीक कांड. निस्तं मरन शे त्याम्हा." मी आठ दिवस ते कांडलं. कमू तेव्हा दहा महिन्यांची, बाजूला गोणपाटावर बसलेली. उखळात मुसळ पडलं की ती माझ्याकडे बघून हसायची. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. आता वाटतं, तिथेच कळायला हवं होतं.

कारण तोवर मी रोज मरत होते. कमूला ऐकू येत नव्हतं.

आमच्याकडे मुलगा झाला की थाळी वाजवतात, पोरगी झाली की नाही. कमूच्या वेळी थाळी वाजली नाही, म्हणून ती दचकली का नाही हे कोणी पाहिलंच नाही. मला पाचव्या महिन्यात शंका आली. मी बांगड्या वाजवायची, चुटकी वाजवायची, ती छताकडे बघत पडलेली. तिच्या पाठीमागून "कमू, कमू" म्हणायची, ती ढिम्म. कोणाला सांगणार. सासूबाईंच्या नणंदेला एक मुकी पोर झाली होती आणि तिच्या पाठीवरचा मुलगाही मुकाच निघाला, तेव्हापासून सासूबाईंच्या डोक्यात बसलेलं की मुकं लेकरू घरात ठेवलं तर पुढचंही मुकंच होतं. ते त्या कितीदा बोलून दाखवायच्या. अशी पोर आजोळी ठेवावी, तिथेच वाढवावी, असं. मला कळत होतं की त्यांना कळलं की कमू माझ्यापासून जाणार.

म्हणून मी काय करायची ते लिहायला लाज वाटते. कमू माझ्या मांडीवर असायची. सासूबाई तिच्या मागून टाळी वाजवायच्या, बारीक आवाजात "कमे, ओ कमे" करायच्या, आणि मी पदराखालून तिला त्या बाजूला हळूच चिमटा घ्यायची. ती वळायची. सासूबाई म्हणायच्या, "कशी पाहस देख, लुच्ची!" आणि मी हसायची. सहा महिने मी माझ्या लेकराला चिमटे घेतले. रात्री अंघोळ घालताना तिच्या दंडावरचे लाल ठिपके बघून मला वाटायचं देव मला कुठे ठेवणार आहे.

कागदी कर्णा वाळला, आबांनी तो फोनोला बसवला, आणि तो दिवस शुक्रवारचा, ऐकायला कोणी नाही. आबा म्हणाले, "ती पोर आन. मोठं मानूस माले खोटं सांगस. लेकरू सांगनार नही."

सासूबाई बाजाराला गेलेल्या, आणि आबांना नाही म्हणायला कारण सापडेना. मी कमूला घेऊन पेरूखाली बसले, भिंतीकडे तोंड करून. आबांनी आधी पत्र्याचा कर्णा लावला. एका बुवांची तबकडी, जाड आवाजाचे बुवा आणि मागे पखवाज. गाणं सुरू झालं, मी चिमटा घेतला, कमू वळली. पितळी लावला, चिमटा घेतला, कमू वळली. मग आबा माझ्यासमोर येऊन उकिडवे बसले. माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"बेटा, आते पोर वळनी तव्हय गानं सुरूच व्हयेल नव्हतं."

मी खाली मान घातली.

"मी काटा टेकाडा नव्हता. तू घाई करी."

मग मी जी रडले. तोंडावर पदर दाबून, आवाज न करता, सवय तशीच होती. सगळं सांगितलं. चिमट्याचं पण सांगितलं. आबांनी माझ्या डोक्यावर हातही ठेवला नाही, दुसरं कोणी असतं तर ठेवला असता. ते उठले आणि म्हणाले, "पोरले गोनपाटवर बठाड. तू दोन्ही हात डोकावर ठेव. काढू नको."

मी दोन्ही हात डोक्यावर ठेवून बसले, पोलिसाने पकडल्यासारखी. कमू माझ्यासमोर, तिच्या हातात डाळिंबाचं एक फूल. आबा मागे. पत्र्याचा कर्णा लागला, बुवा गायले, पखवाज वाजला. कमू फुलाची पाकळी तोंडात घालत होती. पितळी लागला. तो तर मोगऱ्यापलीकडे रस्त्यावर ऐकू जात असेल. कमू पाकळीच खात होती. मी मनात म्हणत होते, झालं, आता आबांनीही डोळ्यांनी बघितलं, आता संपलं.

मग बराच वेळ काहीच नाही, नुसती स्क्रूची कुरकुर. आणि मग कागदातून बुवांचा आवाज आला. तो तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मोठा नाही, पण जाड, जमिनीवरून येणारा, कोणीतरी रांजणात तोंड घालून बोलावं तसा. कमूच्या हातातलं फूल तसंच राहिलं. तिने मान वर केली. आणि हळूच, अख्खीच्या अख्खी, बसल्या जागी मागे वळली.

"हात डोकावर!" आबा ओरडले, कारण मी तिला उचलायला निघाले होते.

त्यांनी तीनदा केलं. फोनो उचलून विहिरीकडे नेला, मग निंबाकडे. तीनदा कमू आवाजाकडे वळली. तिसऱ्यांदा ती रांगत निघाली. आबांनी वही काढली आणि लिहिता लिहिता म्हणाले, "सोळा मानसं पितळी म्हनतस. ही एकटी कागदी म्हनस. कागदी ठरना."

कर्ण्याचंच पडलेलं त्यांना! मला एवढा राग आला की मी पहिल्यांदा त्यांच्याशी मोठ्याने बोलले, "आबा, माझ्या पोरीचं काय ते सांगा!" आणि कमूने माझ्याकडे बघितलं. आबांनी पेन्सिल खाली ठेवली.

"तेच सांगी ऱ्हायनू. बारीक आवाज तिना कानमा घुसत नही. जाड घुसस. तुन्ही सासू बोलस ते टाचनी. तू बोलस ते उंदीर. तिन्ही बिचारीनी कोनले आयकानं?"

खरं होतं ते. सून म्हणून आले तेव्हापासून माझा आवाज ओट्यापर्यंत गेला नव्हता, जाऊ द्यायचाच नसतो. आणि ह्यांचा आवाज जाड, पण आईसमोर आपल्याच लेकराशी बोलायला पुरुष लाजतात, ते नुसते जेवून कामावर जात. कमू ह्यांच्या खोकल्याला हसायची आणि मला वाटायचं बापाची लाडकी आहे.

त्या दिवसापासून मी बागेत पाणी काढायला गेले की रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलायला शिकू लागले. आबा विहिरीच्या काठावर बसून सांगायचे, "नाकमातून नको. पोटमातून. म्हैसले हाक मारस तशी." मला हसू यायचं, आवाज फुटायचा. एकदा सासूबाई घरातून ओरडल्या, "बागमा कोन गडी बोली ऱ्हायना वं?" मी रांजणातून डोकं काढून उंदराच्या आवाजात म्हटलं, कोणी नाही, आबा आहेत. आबा दुसरीकडे बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते. आबांना हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

आबा म्हणाले होते मी सांगतो तुझ्या सासूला. मीच नको म्हटलं. गावचा वेडा सांगतो आणि सून त्याच्या बागेत जाऊन शिकते, हे कसं दिसेल. आधी मला नीट येऊ दे, मग बघू, असं करत पंधरा दिवस गेले. आणि मग एका दुपारी सासूबाईंच्या हातून पितळी परात पडली. कमूच्या अगदी मागे, फरशीवर. मी चुलीपाशी होते, हात पोचणार नव्हता. शेजारची कुत्री भुंकली, कावळे उडाले, आणि कमू आपली शेंगदाण्याची टरफलं मांडत बसलेली.

सासूबाईंनी परात उचलली, पुन्हा पाडली. मुद्दाम. मग माझ्याकडे बघितलं. संध्याकाळी ह्यांच्याकडून माझ्या भावाला कार्ड लिहून घेतलं, गाडी घेऊन ये म्हणून. मी काही बोलायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "तू सहा महिना माले बनाडं. आते बोलू नको."

गुरुवारी भाऊ गाडी घेऊन आला. सकाळची वेळ. सासूबाईंनी कमूचं बोचकं स्वतः बांधलं, त्यात नवं झबलं घातलं, काजळाची डबी घातली. त्या दुष्ट नव्हत्या, हे मला लिहिलंच पाहिजे. बांधताना त्यांचे हात थांबत होते. हे खांबापाशी उभे, खाली बघत. भाऊ गाडीवरून उतरला तोच घाबरलेला. कमू ओट्यावर बैलांकडे तोंड करून बसली होती.

आता नाही तर कधीच नाही, असं मला वाटलं. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले आणि हाक मारली. भाऊ समोर, नवरा समोर, सासू समोर. आवाज निघाला तो उंदराचाच. कमू बैलांकडेच बघत होती.

"झायं?" सासूबाई म्हणाल्या. "पाह्यं ना आते?"

मी पदर डोक्यावरून मागे टाकला, कारण तो दातात धरलेला होता. पोटात हवा घेतली. आणि म्हशीला मारतात तशी हाक मारली, "कमू!"

बैलांनी कान हलवले. भावाने डोक्यावरची टोपी धरली. आणि कमू वळली, मला बघितलं, आणि दोन्ही हात वर केले, घे म्हणून.

ह्यांनी खांब सोडला, दोन पावलं पुढे आले, आईकडे बघितलं, आणि लाजत लाजत खालच्या आवाजात म्हणाले, "कमू." ती त्यांच्याकडे वळली. मग सासूबाई आत निघून गेल्या. मला वाटलं, सुनेचं असं ओरडणं बघून चिडल्या, आता उलट झालं. आतून त्यांच्या खाकरण्याचा आवाज आला. पाणी प्यायचा आला. परत खाकरल्या. मग बाहेर आल्या, कमूच्या मागे बसल्या, हनुवटी छातीला टेकवली आणि कुठून काढला कोण जाणे, एका म्हाताऱ्या पुरुषाच्या आवाजात म्हणाल्या, "ओ कमाबाय."

कमूने वळून त्यांचं नाक धरलं.

सासूबाईंनी नाक सोडवून घेतलं नाही. तशाच नाकातल्या आवाजात माझ्या भावाला म्हणाल्या, "भाऊ, जेवी ले नि जाय. गाडी रिकामी ली जाय." आणि मग मला, "तू काय उभी शे? डोकावर पदर ले. नि पिठलं टाक."

पिठलं चुलीवर होतं आणि मी मध्येच बागेत पळाले. आबांना आम्ही हाक मारली नव्हती, आणि ते आलेही नव्हते, एवढा गोंधळ भिंतीपलीकडे चाललेला असून. मला वाटलं बाहेर गेले असतील. ते निंबाखालच्या दगडावर बसलेले होते. भिंतीकडे तोंड. दोन्ही कानांत कापसाचे बोळे, आणि त्या बोळ्यांवर दोन्ही हात घट्ट दाबलेले. डोळे मिटलेले. आख्ख्या गावाला शेवटचा शब्द काय म्हणून विचारणारा माणूस, आमच्या घरातला एक शब्द कानावर येऊ नये म्हणून तसा बसला होता. किती वेळ बसले होते कोण जाणे, त्यांच्या कोपराला मुंग्या चढत होत्या.

"आबा," मी म्हटलं. त्यांना कळलं नाही. मग मी पोटातून हाक मारली.

ते वळले नाहीत. नुसते हात थोडे ढिले केले आणि भिंतीलाच विचारलं, "गाडी गयी का?"

"भाऊ जेवतोय आबा. जेवून जाईल. रिकामी जाईल."

आबांनी एका कानातला बोळा काढला, दुसरा तसाच राहिला. मान वळवून माझ्याकडे बघितलं, मी रडते की हसते हे आधी नीट पाहून घेतलं, आणि म्हणाले, "परत सांग."